बोळवण नसलेलं आवतण

हळदीच्या दिवशी सकाळी आईने माधुरीला किन्हवलीच्या बाजाराला पिटाळलं ते सुपाऱ्या, नारळ आणि विसरलेली हळकुंडं आणायला. लग्नघरात कितीही यादीवार तयारी करा, असं काहीतरी राहतंच. माधुरीने स्कूटी काढली. मे महिन्याचं ऊन सकाळीच टोचत होतं. पेरणीआधी पालापाचोळ्याचा राब भाजून काळी झालेली शेतं रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरली होती आणि त्यांच्यावरून करपट, गोडसर वास येत होता. तिला हा वास आवडायचा. वडोदऱ्याला गाणं शिकत असताना याच वासाच्या आठवणीने तिला घरची ओढ लागायची.

शिकून झाल्यावर तिच्या मैत्रिणी मुंबई-पुण्याला राहिल्या. ही मात्र आश्रमशाळेतल्या मुलांना गाणं शिकवायला गावी परत आली. "एवढं शिकून इथंच?" असं लोक तोंडावर म्हणाले. तिने मनावर घेतलं नाही. आपल्या मातीतलं गाणं आपणच सांभाळायचं, ते काही परक्या गावाहून कोणी येऊन करणार नाही, असं तिचं ठाम मत होतं आणि ती ते भेटेल त्याला ऐकवायची.

परतताना ती शेजारच्या उंबरपाड्याला वळली. बाईजा आजीला मानाचा नारळ द्यायचा होता.

बाईजा धवलारीण होती. म्हणजे लग्नात धवळे गाणारी. तिकडच्या बऱ्याच घरांत अजूनही भटजी नंतर येतो, धवलारीण आधी. हळदीच्या संध्याकाळी ती मांडवात बसते आणि घरातल्या मेलेल्या माणसांना नाव घेऊन लग्नाला बोलावते. एक नाव आलं, की घरातली बाई एक पान मांडते आणि त्यावर भाताची मूद ठेवते. हे झालं आवतण. दुसऱ्या दिवशी नवरी निघायच्या आधी तीच धवलारीण त्या माणसांना आपापल्या जागी परत पाठवते. कोणाला शेताच्या बांधावर, कोणाला नदीकाठी, कोणाला टेकडीवरच्या दगडापाशी. ही बोळवण. माधुरीच्या बाबांना, नथूला, जाऊन दोन पावसाळे झाले होते. धाकट्या हर्षालीच्या लग्नात बाईजाच्या तोंडून त्यांचं नाव येईल आणि घडीभर का होईना ते मांडवात येऊन बसतील, ही एकच आस धरून माधुरी या लग्नाची वाट बघत होती.

बाईजा ओट्यावर नाचणी पाखडत होती.

"आजी, संध्याकाळी लवकर ये हां. उन्हं उतरायच्या आत."

सूप थांबलं नाही. "मला कोण सांगायला आला नाय."

"मी आले ना! हा बघ नारळ."

"नारळ ठेव. पण तुझ्या घरी डबा गाणार हाय. तुझ्या मामाचा जीवन सांगून गेला. म्हणाला, आजी, यंदा तुला तरास नाय."

"कसला डबा?"

"गेल्या साली मोबाईल धरून बसला होता माझ्यासमोर. आठवण म्हणून ठेवतो, म्हणाला. मी येडी, सगळं गायले. आता त्यातनं माझाच आवाज काढतो. वाशिंदपासून इथवर सगळ्या मांडवांत मीच गाते म्हणं... नि मी बसलेय इथं नाचणी पाखडत." ती बोळक्या तोंडाने हसली.

माधुरीला हसू आलं नाही. "तू ऐकलंस ते?"

"वारा इकडचा असला की येतं ऐकू. आवाज माझाच, खोटं कशाला बोलू? माझ्यापेक्षा तरुण गातो. पण दम घेत नाय गो तो. मी दम घेते ना, तेवढ्यात बोलावलेला माणूस येऊन बसतो. मग पुढच्याला हाक. हा आपला सुरू झाला की सुरू. मग माणूस येणार कधी नि बसणार कधी?"

माधुरी घरी पोचली तेव्हा तिची कानशिलं तापली होती, आणि ती उन्हाने नव्हे.

मांडवाशी 'जीवन साउंड सर्व्हिस'चा टेम्पो उभा होता. जीवन, तिचा मामेभाऊ, पुरुषभर उंचीचे स्पीकर उतरवून घेत होता.

"तू बाईजाचा आवाज चोरलास?"

"काय ताई, आल्या आल्या! चोरलास काय, जपलाय. उद्या म्हातारी गेली की गाणं पण गेलं असतं. एआयमध्ये टाकलं, आता कायम राहील."

"ती गेलेली नाही, जीवन. ती इथून हाकेच्या अंतरावर नाचणी पाखडतेय. तिला विचारलंस?"

"आवाजाला काय विचारायचं? सातबारा असतो काय आवाजाचा?"

मांडवातली पोरं खो खो हसली. माधुरीने आवाज चढवला. "आणि नावं? आमच्या घरची माणसं त्या यंत्राला काय माहीत?"

"नथूकाका, मंगळ्या आजोबा, सोमी आजी, तिघं टाकलेत मी. पुढची चाल पुरी करायला ते आपलंआपण जुळवतं."

"काय जुळवतं?"

"नावं."

"कोणाची?"

"कोणाचीच नाय गो! नुसती नावं. तालात बसतील अशी. कोण विचारायला बसलंय?"

आई हळदीचे हात घेऊन बाहेर आली. सावळीबाई म्हणजे एरवी शब्दाला शब्द देणारी बाई, पण आज तिला फक्त लग्न नीट पार पाडायचं होतं. "पुरे गो माधुरी. पोरानं हौसेनं केलंय. बाईजाला पण झेपत नाय आता."

"झेपत नाही असं ती म्हणाली का?"

आई परत आत गेली. माधुरीला वाटलं, इथल्या एकेकाला हलवून विचारावं, की बाई जन्मभर तुमच्या मांडवात गायली, तुमच्या बापांची नावं तिने तोंडपाठ ठेवली, आणि तिचा गळा कापून घेतल्यासारखा डब्यात भरला तर त्याला तुम्ही हौस म्हणता? पण हर्षाली दारात उभी होती. पिवळ्या साडीत, भेदरलेली. तिच्या डोळ्यांतली विनवणी बघून माधुरी हळकुंडांची पिशवी घेऊन आत गेली.

तिन्हीसांजेला गाणं लागलं.

खरं सांगायचं तर पहिल्या ओळीला माधुरीच्याही अंगावर काटा आला. बाईजाच होती ती. तोच खरखरीत पोत, ओळीच्या शेवटी तोच किंचित उतरणारा सूर. मांडवात पाट मांडले होते. चिमी मावशी पळसाची पानं आणि भाताचं पातेलं घेऊन बसली होती.

"नथू..." पान मांडलं. "मंगळ्या... सोमी..." पानं मांडली.

आणि मग, जिथे बाईजा थांबली असती तिथे आवाज थांबला नाही. एका सुरात, न तुटता, तो पुढे गेला. "भिरजू... सोनव्या... ताणुली..."

"हे कोण गो?" चिमी मावशीने हळूच विचारलं.

"असतील मागचे कोणी," शेजारची म्हणाली. "मांड पान. बोलावलेल्याला पान नाय मांडलं तर बरं नसतं."

चिमी मावशीने घाईघाईने तीन पानं मांडली. नाव आलं की पान. आयुष्यभराची सवय. हात आधी चालला, विचार मागून आला. भाताची वाफ वर गेली आणि तिच्यात माधुरीला एक वेगळाच वास आला. तापलेल्या वायरीचा. तिने स्पीकरकडे पाहिलं. तो तर मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला होता.

सकाळी पानं उचलायला माधुरी स्वतः गेली. नथू, मंगळ्या, सोमी यांच्या पानांवरच्या मुदी जशाच्या तशा होत्या. मुंगीसुद्धा लागली नव्हती. बाकीची तीन पानं मात्र धुऊन ठेवल्यासारखी स्वच्छ.

"कुत्रं शिरलं असेल," चिमी मावशी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"आणि आपल्या माणसांची पानं सोडून शेजारची खाल्ली?"

माधुरीने बाबांच्या पानावरची मूद हातात घेतली. गार, गच्च, अख्खी. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते रागाचं होतं. बाबा आले नव्हते. येणार कसे? त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. यंत्राने त्यांचं नाव नुसतं वाजवलं होतं.

लग्न भर दुपारी लागलं. अक्षता पडल्या, जेवणं उठली. मुरबाडच्या बाजूला, टोकावड्याच्या पुढे हर्षालीला जायचं होतं; वऱ्हाड उन्हं कलायच्या आत निघायची घाई करत होतं. माधुरी तिला तयार करायला आतल्या खोलीत गेली.

हर्षाली भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि गुणगुणत होती.

माधुरी दारातच थांबली. हर्षालीला सूर म्हणून ठाऊक नव्हता. आरतीत तिच्या बेसूर आवाजावरून बाबा सगळ्यांदेखत चिडवायचे. आणि आता तिच्या ओठांतून धवळा येत होता, स्वच्छ, नेमका, बाईजाच्या गळ्यातून यावा तसा.

"हर्षू?"

गुणगुणणं चालूच राहिलं. माधुरी जवळ गेली, वाट बघू लागली, की आता ही ओळ संपेल, आता श्वास घेईल. ओळ संपली. दुसरी सुरू झाली. तिसरी. माधुरीने घाबरून तिच्या बरगड्यांवर हात ठेवला. हात वरखाली होईना. छाती दगडासारखी स्थिर, आणि वर गाणं चाललेलं. ओठांच्या कडा निळसर होऊ लागल्या होत्या.

"हर्षू!" तिने तिला गदगदा हलवलं.

हर्षाली बुडता माणूस वर यावा तशी हबकून श्वास घेत भानावर आली. "ताई... मी झोपले होते का? कोणीतरी मांडीवर बसलंय असं वाटतं. लहान पोरं बसतात तसं... उतरतच नाहीत."

माधुरी तशीच बाहेर धावली आणि जीवनची कॉलर धरली.

"बोळवण लाव. आत्ता."

"बोळवण नाय त्यात."

"नाही म्हणजे?"

"ठेवलीच नाय. रडकं असतं ते. लोक गाडीत बसायच्या घाईत असतात, कोण ऐकतो? आवतणच लागतं सगळ्यांना."

माधुरीला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. बोलवायचं तेवढं घेतलं आणि परत पाठवायचं कापून टाकलं! कारण ते रडकं होतं! पण भांडायला वेळ नव्हता. बोळवण न झालेली माणसं नवरीच्या पाठोपाठ सासरी जातात, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. गाडी हलायच्या आत हे झालं पाहिजे होतं. तिने स्कूटीला किल्ली मारली.

बाईजाने सगळं ऐकून घेतलं. मग कडवट हसून म्हणाली, "माझा आवाज हाय ना तुमच्याकडं? त्यालाच सांगा की."

"आजी, बोल मला, काय वाटेल ते बोल. पण हर्षू श्वास घेत नाहीये."

बाईजाने सूप खाली ठेवलं.

मांडवात आल्यावर ती हर्षालीसमोर बसली. बायका गोळा झाल्या. आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हर्षाली पुन्हा गुणगुणायला लागली होती आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. बाईजाने सावकाश दम घेतला, डोळे मिटले.

"नथू..." ती थांबली. ऐकत राहिली. "आला नाय. मंगळ्या... सोमी... कोणीच नाय आलं." मग जरा खालच्या आवाजात, "भिरजू?"

"हं..."

हर्षालीचे ओठ गाण्यात गुंतलेले होते. तो हुंकार तिच्या बाजूने, खालून आला. बसलेल्या लेकराच्या तोंडाइतक्या उंचीवरून. आणि तो बाईजाच्याच आवाजात होता.

बायका मागे सरल्या. जीवन कोपऱ्यातून ओरडला, "स्पीकर बंद हाय! बघा, वायर काढलीय!" उपटलेली वायर त्याच्या हातात लोंबत होती.

"कुणाचा रे तू?" बाईजाने विचारलं.

"हं..."

"गाव कोणतं तुझं? कोणत्या नदीला जाळला तुला?"

"हं..."

बाईजाने डोळे उघडले. माधुरीने तिला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "याला काय नाय गो. आई नाय, बाप नाय, बांध नाय. कधी जन्मला नाय नि मेला पण नाय. पाठवू कुठं?... जागाच नाय याला."

रस्त्यावर वऱ्हाडाच्या गाडीने हॉर्न दिला. हर्षालीची मान एका बाजूला कलली. गाणं मात्र थांबलं नाही.

माधुरी जीवनकडे वळली. "तू बोलावलंस ना? मग तू ने! ने तुझ्या घरी! म्हण, माझे आहेत!"

जीवन टेम्पोच्या मागे सरकला. "मी... मी नुसतं बटण दाबलं गो ताई..."

माधुरीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कालपर्यंत ज्यांना ते गाणं गोड लागलं होतं, ज्यांनी मोबाईल वर धरून ते भरून घेतलं होतं, ते सगळे जमिनीकडे बघत होते. कोणी पुढे आलं नाही.

तेव्हा बाईजा गायला लागली. फाटक्या, म्हाताऱ्या, दम लागलेल्या आवाजात.

"बाईजाचा भिरजू, उंबराच्या पाड्याचा...
बाईजाचा सोनव्या, नाचणीच्या मळ्याचा...
बाईजाची ताणुली, ओट्यावर निजायाची...
चला माझ्या लेकरांनो, तिन्हीसांज व्हायाची..."

प्रत्येक नावाशी ती थांबली. प्रत्येक वेळी तिने दम घेतला. तिसऱ्या नावाला हर्षाली एकदम पुढे वाकली, खोकली, आणि मोठमोठ्याने श्वास घेत रडायला लागली. आईने तिला पोटाशी धरलं.

बाईजा उठली. लहान पोरांना बाजारातून नेताना बाई जशी चालते, तशी ती हळूहळू मांडवाबाहेर पडली. दोन्ही हात अंगापासून जरा दूर, बोटं मिटलेली.

"आजी, मी येते सोडायला..."

"तू नवरीकडं बघ," ती मागे न वळता म्हणाली.

हर्षाली सासरी गेली. आठवड्याने तिचा फोन आला, हसत होती, सासूची नक्कल करून दाखवत होती. गावाने तो विषय मिटवला. जीवनने माधुरीसमोर फोनमधून ते गाणं पुसलं, पण कोणाकोणाला दिलं होतं ते त्यालाही धड सांगता येईना. माधुरी तालुक्याला एका कचेरीत तक्रार घेऊन गेली. टेबलामागच्या माणसाने विचारलं, काय चोरीला गेलं? आवाज, ती म्हणाली. "मग ती बाई आता बोलत नाही का? बोलते? मग चोरी कुठे झाली?" तो हसला नाही, हेच जास्त लागलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर ती उंबरपाड्याला जायची. बाईजा वाळत चालली होती. दिवसभर हळू आवाजात गात असायची. दारातून दिसायचं, आत पानं मांडलेली असायची.

"थांब ना जरा, आजी."

"थांबले की कावरीबावरी होतात. यांना काय ठाऊकच नाय गो. पाऊस म्हणजे काय, भूक म्हणजे काय, बाप म्हणजे काय... सगळं मीच सांगायचं. कोणी तरी करायला पाहिजे ना."

माधुरीच्या मुठी वळल्या. एकाने बटण दाबायचं आणि एका म्हातारीने मरेपर्यंत निस्तरायचं!

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, हंगामातली शेवटची लग्नं उरकून घेतली जात होती. वारा मुरबाडच्या बाजूने होता. बाईजा दारात बसून गुणगुणत होती आणि तिच्या आवाजाच्या मागून, टेकडीपलीकडून, तिचाच आवाज येऊ लागला. कुठल्यातरी मांडवातला स्पीकर.

माधुरी ऐकत राहिली. परकी नावं आली, कुठल्यातरी घरची. आणि मग, "बाईजाचा भिरजू... बाईजाची ताणुली..."

हे शब्द हर्षालीच्या मांडवात, वायर उपटल्यावर गायले गेले होते. ते कोणी भरून घेतले नव्हते. ते या गाण्यात आले कुठून?

टेकडीपलीकडचा आवाज न थांबता पुढे सरकला. "बाईजा..."

बाईजाचं गुणगुणणं बंद झालं. तिने हात पदराला पुसले आणि उभी राहिली. "आले..."

"आजी! कुठे?"

"बोलावतायत गो. पान मांडलं असेल. जायला पाहिजे."

माधुरीने तिचं मनगट घट्ट पकडलं आणि टेकडीकडे तोंड करून, सगळ्या छातीचा जोर लावून ती ओरडली, "जिवंत आहे ती! ऐकताय का? जिवंत आहे!"

टेकडीपलीकडे गाणं तसंच चालू राहिलं. पण बाईजा खाली बसली. माधुरीने तिचं मनगट सोडलं नाही.

तेवढ्यात घराच्या आतून, अंधारातून, कोणीतरी ओरडलं, "जिवंत आहे ती! ऐकताय का?"

आवाज माधुरीचा होता.

तिने तोंड उघडलं, पण बाईजाने झटकन तिच्या ओठांवर हात ठेवला. "आता बोलू नको गो इथं," ती कुजबुजली. "पटकन शिकतात."

माधुरी गप्प बसली. घराच्या आत मात्र तिचा तो राग कोणीतरी पुन्हा पुन्हा म्हणून बघत होतं. आधी मोठ्याने. मग हळू. मग चालीत.